अंगणातला पूल आणि ४४०० लिटर पाणी

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल सरत आला की आमच्या बेलापुरात सोनमोहर फुलतो आणि नातवंडांचे फोन सुरू होतात, "आजी, पूल लावलास का?" आमच्या रो-हाऊसचं अंगण लहानसंच. तिथं दर उन्हाळ्यात आम्ही जमिनीवर उभा करायचा, मुलांना डुंबायचा पूल मांडतो. पाइपांचा सांगाडा, आत जाड प्लॅस्टिकचं कापड, १० फूट व्यास, अडीच फूट उंची.

लोक मला पहिल्यांदा विचारतात ते हेच, की गच्चीवर लावू का? नका लावू. दोन फूट पाणी भरलं की ह्या पुलात साधारण ४४०० लिटर मावतं, म्हणजे जवळजवळ साडेचार टन वजन. दर चौरस मीटरवर ६०० किलो. घराच्या गच्चीचा स्लॅब वापरासाठी साधारण १५० किलोचा भार धरून बांधतात. चौपट ओझं झालं हे! स्ट्रक्चरल इंजिनिअरनं तपासून लेखी दिल्याशिवाय हा विचारही करू नका, आणि बाल्कनीत तर मुळीच नाही.

जमीन सपाट आहे हे आम्ही पहिल्या वर्षी नुसत्या नजरेनं ठरवलं. तिसऱ्या दिवशी पहाटे उताराकडची बाजू फुगली, पाइप सांध्यातून निसटला आणि सगळं पाणी शेजारच्या वहिनींच्या ओट्यावरून गटारात गेलं. ते वाहताना बघून पोटात कालवलं माझ्या. माणशी रोज १३५ लिटर धरलं, तर चौघांच्या घराचं आठ दिवसांचं पाणी होतं ते.

पुढच्या वर्षी गवंड्याला बोलावलं. त्यानं पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक मी धरलं, दुसरं त्यानं, आणि अंगणभर फिरून पाण्याच्या रेषा जुळवल्या. चांगला चार बोटांचा उतार निघाला. तो म्हणाला, "आजी, उंचवटा खरवडायचा, खड्डा भरायचा नाही. भरलेली माती ओझ्यानं दबते." मग खडे वेचले, चाळलेली रेती पसरली, वर ताडपत्री. तेव्हापासून पूल जागचा हललेला नाही.

एकदा भरलेलं पाणी महिना-दीड महिना टिकवायचं, दर आठवड्याला ओतून द्यायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यासाठी पाणी फिल्टरमधून फिरवणारा पंप रोज पाच-सहा तास चालवते. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच, पाणी आणि वीज जवळ आली की तिथं काटकसर नको. सोनमोहराच्या पिवळ्या पाकळ्या फिल्टरच्या घड्यांत अशा रुतून बसतात की जुन्या टूथब्रशनं एकेक घडी उघडावी लागते. फिल्टर धुतला नाही की पाणी दोन दिवसांत हिरवट पडतं.

क्लोरिन संध्याकाळी घालायचं, कारण उन्हात ते झपाट्यानं उडून जातं. आमच्या पुलाला साधारण ३० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. बादलीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी पुलात सोडायचं. सकाळी पाणी तपासायच्या रंग बदलणाऱ्या पट्टीनं बघायचं. लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरिन आणि पीएच ७.२ ते ७.८ असला की झालं. डोळे चुरचुरले, उग्र वास आला, की लोकांना वाटतं क्लोरिन जास्त झालं. बहुतेक वेळा ती घाम आणि लघवी क्लोरिनमध्ये मिसळल्याची खूण असते. म्हणून आमच्याकडे आधी अंघोळ, मग पूल.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. ब्लीचिंग पावडर आणि पुलासाठी मिळणाऱ्या क्लोरिनच्या गोळ्या कधीही एकत्र करू नका, दोन्हींना एकच चमचासुद्धा वापरू नका. त्यातून आग लागू शकते. आणि अ‍ॅसिडशी ह्यांची गाठ पडली तर विषारी वायू निघतो.

आता मुलांचं. मूल बुडतं तेव्हा आरडाओरडा होत नाही, हात-पायसुद्धा फारसे आपटत नाहीत. ते मुकाट्यानं खाली जातं, फूटभर पाण्यातही. हवेच्या रिंगवर विसंबू नका. मुलं पाण्यात असली की मी काठाशी खुर्ची टाकून बसते, फोन घरात ठेवते. खेळ संपला की शिडी उचलून कुलपात.

मृगाच्या सरी येण्याआधी पूल काढायचा. पावसाळ्यात बंद पडलेल्या पुलात, त्यावरच्या ताडपत्रीच्या खळग्यातसुद्धा, डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत तयार होतो. त्याला साचलेलं स्वच्छ पाणीच लागतं. म्हणून क्लोरिन थांबवून तीन-चार दिवस उन्हात ठेवते, पट्टीवर रंग उमटेनासा झाला की बादली-बादलीनं झाडांना घालते. जास्वंद, कढीपत्ता, मग शेजारच्या वहिनींचा नारळ. कापड पुसून, सावलीत वाळवून, टाल्कम पावडर लावून घडी करायची. मागच्या वर्षी घडी माळ्यावर गेली आणि त्याच रात्री पारसिकच्या डोंगरावर वीज चमकली.