नकाशा पहिल्या पानावर छापू नका

(मालवणात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

विषय दिलाय मुलांच्या अद्भुत साहसकथेतली मैत्री, धाडस आणि नकाशा, आणि मी सुरुवात नकाशापासून करणार कारण सगळ्यात जास्त अन्याय त्याच्यावर झालाय. पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर अख्खं राज्य छापलेलं, डोंगर, जंगल, राक्षसाची गुहा, वाटेची टिंबंसुद्धा. मग पोरांनी शोधायचं काय? नकाशा गोष्टीतल्या पोरांनीच काढला पाहिजे, चालत, पडत, भांडत.

शाळेत तरी काय करतो आपण? दुकानातून छापील नकाशा आणायचा, नद्या निळ्या करायच्या, संपलं. आमच्या वर्गात एकदा गावाचा नकाशा काढायला सांगितला होता, तेव्हा एका मुलीने खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, कालवं (शिंपल्यातले खायचे जीव) कुठे मिळतात, ओहोटीला खाडी कुठून चालत ओलांडता येते, कुणाचा कुत्रा अंगावर येतो, सगळं दाखवलं. आई कालवं काढायची तिची, त्यामुळे अमावस्या-पुनवेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, हेही कोपऱ्यात लिहिलेलं, थोडक्यात अष्टमीच्या सुमाराला पाणी तेवढं खाली जात नाही, ती वाट धरू नका. मार्क कापले! का, तर खुणा पुस्तकातल्यासारख्या नाहीत. मला अजून राग येतो त्याचा. अहो, दर्यावर्दी लोकांच्या नकाशात पाण्याची खोली जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीपासूनच मोजलेली असते, म्हणजे ती पोरगी बरोबरच होती ना! (मागच्या काकी माना डोलवतायत, त्यांना माहितीये.)

आणि जादू म्हणाल तर ती इथेच आहे. सकाळी होती ती वाट सहा तासांनी नाही, आणि उद्याची भरती आजच्यापेक्षा साधारण 50 मिनिटं उशिरा. वेळ न लिहिलेला नकाशा इथे पोरांना बुडवेल.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, तर मैत्रीचं पटकन सांगतो. लांबचा खडक कागदावर नेमका बसवायचा तर दोन जागांवरून बघावं लागतं. एक जण बंदरावर, दुसरा पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, टोकाला, मधलं अंतर मोजायचं, दोघांनी आपापला कोन सांगायचा, रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे खडक. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने 1802 मध्ये मद्रासजवळ आधाररेषा, म्हणजे असंच मधलं अंतर, मोजून सर्वेक्षण सुरू केलं ते याच हिशेबावर. आता गोष्टीत एकाने रुसून कोन खोटा सांगितला तर? बेट भलतीकडेच जाईल, होडीही तिकडेच. इथे मैत्री नुसती बोलायची राहत नाही, तिच्यावर जीव अवलंबून असतो.

धाडसाचं एकच. 'पाणी भरूक लागला, मागे फिरा रे' असं सगळ्यांत लहान पोराने म्हणावं आणि मोठ्यांनी ऐकावं, असा एक प्रसंग तरी लिहा. आणि जिथे गेलो नाही तिथे नकाशात 'गेलो नाही' असं लिहायलाही धाडस लागतं. राक्षसाचं राहिलंच, ते चहाच्या वेळी विचारा. आणि पोरांनो, उद्या खडपात जाणार असाल तर ओहोटीची वेळ घरी विचारून, मोठ्या माणसाला घेऊनच जा.