घरात ऑक्सिजन आणि खिशात बिडी

नमस्कार मंडळी. आजचा विषय घरात बोलायला जरा अवघड, कारण तो बहुतेक वेळा मोठ्यांच्या सवयीचा असतो. आजोबांच्या नाकात नळी, कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन सुरू, आणि थोरले चिरंजीव खिडकीपाशी सिगारेट ओढतायत. हटकलं तर म्हणतात, "अगं, धूर बाहेरच सोडतोय ना!"

धूर वाईटच. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, पेशंटला तो सोसत नाही, मशीनचा फिल्टरही चोंदतो. पण इथे जिवावर बेतते ती ठिणगी, आणि तिला खिडकी उघडून उपयोग नाही.

शाळेतला प्रयोग आठवा. धुमसती काडी ऑक्सिजनच्या परीक्षानळीत धरली की भपकन पेटते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला जोर देतो. साध्या हवेत तो 21 टक्के असतो. मशीनच्या नळीतून येतो तो साधारण 90 टक्क्यांच्या पुढे. तो मिशीत, स्वेटरमध्ये, पांघरुणात मुरतो. ना वास, ना रंग. अशात बिडी शिलगावली तर चेहरा तर भाजतोच, प्लास्टिकची नळीही पेटते आणि जाळ नळीवरून मशीनकडे सरकतो. नळीत बसवायचा 'फायर ब्रेक' मिळतो, तो हा जाळ अडवतो आणि ऑक्सिजन बंद करतो. मशीनवाल्याकडे मागून घ्या. पण चेहरा तो वाचवत नाही, हेही ऐकून ठेवा.

"मी मशीन बंद करून ओढतो." हेही पुरत नाही. कपड्यांतला ऑक्सिजन निघून जायला वेळ लागतो. आणि खरा घोळ वेगळाच असतो: बाथरूमला जाताना नळी काढून गादीवर टाकली, मशीन चालूच. गोधडीत ऑक्सिजन भरत राहतो, आणि त्याच खाटेवर पाहुणा बसून काडी ओढतो. नळी काढली की बटण बंद, ही सवय लावाच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुणी ओढत नाही. वाढदिवसाला आजोबांचं औक्षण करता की नाही? निरांजन नाकातल्या नळीसमोरून फिरतं! हळदकुंकू लावा, अक्षता टाका, सुपारी ओवाळा, दिवा देवापाशीच राहू दे. लाइट गेली की मशीन बंद, मग जादाचा सिलिंडर उघडायला घाई, आणि कुणीतरी हमखास मेणबत्ती पेटवतं. तिथे टॉर्च टांगून ठेवा. मच्छर अगरबत्ती, धूप, कापूर त्या खोलीत नको. गॅसपासून दहा फूट अंतर ठेवा. एका खोलीच्या घरात हे कठीण आहे, मान्य. तेव्हा ऑक्सिजन कोणत्या वेळी थोडा काढता येईल ते डॉक्टरांना विचारा आणि स्वयंपाक त्या वेळेत उरका. आपल्या मनाने नळी काढू नका. नाक कोरडं पडलं म्हणून व्हॅसलीनही चोपडू नका, ते तेलकट असतं. पाण्याचा बेस असलेलं जेल मागा.

बरं, सासऱ्यांना हे सांगायचं कुणी? सुनेने सांगितलं तर भांडण. डॉक्टरांनाच सांगायला लावा, सगळ्यांसमोर. आणि कृपा करून ओरडू नका. ओरडा खाल्लेला माणूस बाथरूमची कडी लावून ओढतो, कधी नळी नाकात ठेवूनच, आणि तिथे आग लागली तर दार आतून बंद! त्यापेक्षा तलफेवर औषध विचारा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800-11-2356.

आणि पेटलंच तर? आधी नाकातली नळी ओढून काढा. बटण हाताशी असेल तर बंद करा, नसेल तर शोधत बसू नका. माणसाला घराबाहेर काढा, मग 101 आणि 108. भाजल्या जागी नळाचं गार पाणी सोडा, टूथपेस्ट नाही. जखम किरकोळ दिसली तरी नाकातले केस करपलेले असतील किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर श्वासनलिका आतून भाजलेली असू शकते. तेव्हा सकाळपर्यंत थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा.