ठेवलेला वेग आणि धरलेला वेग

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'पॅरामोटरवर स्पीडबार आणि ट्रिमरचा सुरक्षित वापर'. विषय मीच कळवला होता, तेव्हा तक्रारीला जागा नाही. पण त्याच्या आडून मला थोडं वेगळंच सांगायचंय. आपण उडणारी माणसं एकमेकांशी बोलताना नकळत फार अचूक बोलतो. ट्रिमरबद्दल म्हणतो, 'उघडा ठेवलाय'. बारबद्दल म्हणतो, 'दाबून धरलाय'. ठेवणं आणि धरणं. मराठीला कुणी पॅरामोटर शिकवला नव्हता, तरी क्रियापदं बरोब्बर पडली. माझं सगळं म्हणणं या दोन क्रियापदांत आहे, आता तासभर मी तेच फुगवणार.

इथे बहुतेक सगळे उडणारे आहेत, पण काहींच्या घरची माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. पॅरामोटर म्हणजे पाठीवर इंजिन-पंखा आणि डोक्यावर दोऱ्यांनी जोडलेला कापडी पंख, तीच विंग. तिच्या दोऱ्या ज्या पट्ट्यांना येऊन मिळतात ते रायझर. ट्रिमर म्हणजे मागच्या रायझरवरचा पट्टा. बकल दाबून तो सोडला की मागचे रायझर लांब होतात, विंगचं नाक किंचित खाली येतं आणि वेग वाढतो. पट्टा ओढून घेतला की उलट. स्पीडबार असतो पायांशी. तो पुढे ढकलला की दोरी कप्प्यांवरून फिरते आणि पुढचे रायझर आखूड होतात. दोन्हींचं काम एकच, अँगल ऑफ अटॅक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेशी विंगचा कोन, कमी करणं. फरक एवढाच, की पाय उचलला की बार संपला. ट्रिमर मात्र तुम्ही विसरलात तरी जिथे ठेवला तिथेच असतो. निदान मी तसं समजत होतो.

वेगाचा मोह कुणाला होत नाही? समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आहे आणि तुमची विंग ४० ने जातेय. जमिनीवरून बघणाऱ्याला तुम्ही १० ने सरकताना दिसता, खालचा सायकलवाला पुढे निघून जातो आणि वर मान करून बघतोही. ट्रिमर उघडून ५० केलेत की तेच १० चे २० होतात. वेग पाव पटीने वाढला आणि घरी पोचायला लागणारा वेळ निम्मा झाला. हा हिशोब इतका गोड आहे की माणूस बाकीचे हिशोब विसरतो. पेट्रोलचासुद्धा, कारण नाक खाली गेलं की उंची राखायला थ्रॉटल जास्त लागतो.

आता माझी आवडती गोष्ट. ज्यांनी आधी ऐकली असेल त्यांनी चेहरे सरळ ठेवावेत.

काही वर्षांपूर्वी माझी विंग उजवीकडे ओढायला लागली. फार नाही. हात मोकळे सोडले की दहा-पंधरा सेकंदांत क्षितिज हळूच सरकायला लागायचं. तुम्ही जे म्हणाला असतात तेच मी म्हणालो. टॉर्क! पंखा एका दिशेला फिरतो आणि आपल्याला दुसरीकडे पिळतो, त्यात नवीन काय? मग मी हार्नेसचे, म्हणजे बसायच्या झोळीचे, पट्टे कमी-जास्त केले. इंजिन फ्रेमवर सरळ बसलंय का ते मोजलं. एका कुल्ल्यावर बसून उडायला शिकलो, आणि हे कौशल्य म्हणून चारचौघांत सांगितलंही. तीन आठवडे गेले. उजव्या बाजूची एकूण एक दोरी मी बोटांतून काढली, कारण ओढ उजवीकडे होती. डाव्या बाजूकडे पाहिलंसुद्धा नाही.

बरं, विंग त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी तपासणीला जाऊन आली होती. कुठे, ते सोडा. कागद सुरेख होता. कापडातून हवा किती झिरपते याचे आकडे, दोऱ्यांच्या लांबीचे मिलिमीटरमधले आकडे. रायझरच्या रकान्यात मात्र एकच शब्द होता, 'ठीक'. या शब्दावर माझा तेव्हापासून राग आहे. पोराने प्रगतिपुस्तक दाखवलं आणि शेऱ्यात 'ठीक' असलं तरी मी दचकतो.

एके दिवशी उतरताना चांगली उंची होती म्हणून मी इंजिन जरा लवकरच बंद केलं. पंखा थांबला. दोऱ्यांची शीळ तेवढी ऐकू येत होती. आणि क्षितिज सरकत होतं! इंजिन बंद, टॉर्क शून्य, आणि विंग निवांत उजवीकडे निघालेली. तीन आठवड्यांत ही दोन मिनिटांची परीक्षा मला सुचली नव्हती. सुचली असती तर एवढे दिवस इंजिनाला शिव्या खाव्या लागल्या नसत्या.

खाली आल्यावर विंग आवरायच्या आधी दोन्ही रायझर शेजारी-शेजारी ताणून धरले आणि ट्रिमरवरच्या शिवलेल्या खुणा जुळवल्या. डावा पट्टा बोटभर घसरलेला होता. बकलचे दात जिथे रोज बसायचे, तिथली वीण चपटी होऊन चकाकत होती. मी ट्रिमर नेहमी एकाच खुणेवर ठेवायचो, मोठ्या शिस्तीने, आणि त्या शिस्तीनेच तेवढी जागा गुळगुळीत केली होती. भार आला की दात हळूहळू सोडत होते. म्हणजे डावी बाजू जास्त वेगाने जात होती, म्हणून विंग उजवीकडे वळत होती. डावा बैल पुढे गेला तर गाडी उजवीकडेच वळणार. हे आपल्याला जमिनीवर कळतं.

तो पट्टा मी नंतर बदलला. जुना आज आणलाय, हा घ्या, फिरवा. अंगठ्याचं नख त्यावरून ओढा. आधी खरखर लागेल आणि एका ठिकाणी नख एकदम सटकेल. तिथे.

चिठ्ठी आली. 'आठ मिनिटं.' अध्यक्ष महोदय, फलकावरचा विषय आता सुरू करतो.

क्रम असा. वेग वाढवताना आधी ट्रिमर, मग बार. कमी करताना आधी पाय उचला, मग ट्रिमर घ्या. रिफ्लेक्स विंगवर ट्रिमर उघडल्याने मागची कड वर वळते, भार पुढच्या रायझरकडे सरकतो आणि नाक घट्ट राहतं. ट्रिमर बंद ठेवून बार दाबलात तर हे संरक्षण नसतानाच नाक खाली ओढलं जातं, म्हणून अनेक रिफ्लेक्स विंगांच्या पुस्तिकांत त्याला स्पष्ट मनाई असते. साध्या विंगवर तर उघडा ट्रिमर आणि बार या दोन्हींनी कोलॅप्सची, म्हणजे विंग मिटण्याची, शक्यता वाढते आणि झालाच तर तो जोरात होतो. तिथे हे लाड शांत हवेतच.

दुसरं, ब्रेक, म्हणजे विंगची मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्याशी मला एकदा भांडायचंय. सायकलवर लहानपणापासून हाताला शिकवलंय, घाबरलास की ओढ. रिफ्लेक्सवर ट्रिमर उघडे असताना ब्रेक ओढलात की मागची कड खाली येते, भार मागे जातो, नाक मोकळं पडतं आणि विंग मिटू शकते. म्हणजे भीतीने केलेली पहिली गोष्टच चुकीची. यावर मनाची तयारी वगैरे उपाय नाही, हातात ब्रेक नसणं हा उपाय आहे. ट्रिमर उघडले की ब्रेकच्या मुठी रायझरवरच्या चुंबकावर आणि हातात टिप स्टिअरिंग, म्हणजे फक्त विंगची टोकं ओढून वळवायच्या दोऱ्या. मुठी मोकळ्या लोंबू देऊ नका, मागे पंखा आहे.

हवा हलायला लागली की पाय लगेच वर. धरलेल्या वेगाचं सगळं सुख यातच आहे, सोडायला विचार लागत नाही. पण पाय उचलणं आणि पूर्ण थ्रॉटल मारणं एकाच क्षणी नको, नाक दोन्हींनी वर जातं. मग ट्रिमरचं काय? काही विंगांची पुस्तिका म्हणते उघडेच राहू द्या, काहींची म्हणते आत घ्या. आपापली वाचा. घ्यायचे असतील तर सरळ उडताना, दोन्ही बाजू सारख्या, थोडे-थोडे.

बंद ट्रिमरला कुणी घाबरत नाही, तेही चूक. नुकतंच उड्डाण झालंय, ट्रिमर पूर्ण आत, थ्रॉटल पूर्ण. जोर तुम्हाला पुढे ढकलतोय, विंग मागे राहतेय, अँगल आधीच मोठा. त्यात खोल ब्रेक मारून टॉर्कच्या विरुद्ध वळायला गेलात तर स्टॉल, म्हणजे विंगची उचलच संपणं, किंवा स्पिन, म्हणजे एका बाजूची उचल संपून गरगर फिरणं, आणि तेही जमिनीजवळ. आधी थ्रॉटल कमी, मग वळण.

बारची दोरी हार्नेस टांगूनच जुळवा. बार मोकळा असताना पुढचे रायझर जराही ओढलेले नकोत, आणि धावताना तो पायात येता कामा नये. उतरायच्या आधी ट्रिमर पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेवर, उंची असतानाच. शेवटच्या वीस मीटरवर बकल शोधत बसू नका.

मागून प्रश्न आलाय, पूर्ण बार किती उंचीवर? विंग मिटली, उघडली नाही, रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, फेकावा लागला आणि तो पूर्ण उघडला, एवढं सगळं मावेल इतकी उंची खाली हवी. नसेल तर पाय मागे.

अध्यक्ष उभेच राहिले, थांबतो. तो पट्टा कुणाकडे आहे? तिसरी रांग? सटकलं का नख? नाही? मग उलटा करा, दात दुसऱ्या अंगाला बसायचे.