बाजेचे चार कोपरे

जय ख्रिस्त मंडळी! कोल्हापुरातनं बोलतोय.

आमच्या चर्चच्या तरुण संघातली पोरं मला एक गोष्ट सारखी विचारतात. "दादा, मला चारचौघांत बोलायला जमत नाही. मी कसली सुवार्ता सांगणार?"

सुवार्ता म्हणजे येशूबद्दलची चांगली बातमी. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. गोष्ट रविवारच्या शाळेतलं पोरगंही सांगेल. कफर्णहूममध्ये एका घरात प्रभू येशू बोलतोय आणि चौघं जण एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतायत. आत शिरायला वाट नाही. मग हे गडी वर चढले, छप्पर उसकटलं आणि बाज खाली सोडली. छपराचा खर्च कुणी दिला, ते मार्कनं लिहिलेलं नाही. आमच्या कमिटीत तोच विषय आधी निघाला असता!

आता नीट बघा. त्या चौघांच्या तोंडी एक वाक्य नाही. नावंही दिलेली नाहीत. पण पाचव्या वचनात येशूनं "त्यांचा" विश्वास पाहिला, असं आहे. अनेकवचन. भाषण कुणीच केलं नाही, पण एकाचा हात सुटला असता तर बाज कलंडलीच असती.

बरं, दार अडवलं होतं कुणी? वैऱ्यांनी नाही. वचन ऐकायला आलेल्यांनीच. हे मला फार उशिरा कळलं.

एका रविवारी आमच्या उपासनेला एक पोरगा आला, पहिल्यांदाच. दारात त्यानं एक बूट काढला, आत डोकावला, सगळे बूट घालूनच बसलेले. गुपचूप परत घातला. बाकावर टेकतोय तोवर मागनं आवाज, "तिथं काकी बसतात." तो सरकला. गाणं लागलं, सगळ्यांनी पुस्तकं उघडली, ह्याचे हात रिकामे. आशीर्वादाच्या आधीच उठून गेला. आणि त्याच सकाळी मी माइकवरनं म्हणालो होतो, "सर्वांचं मनापासून स्वागत!"

त्यानंतर आम्ही कामं वाटून घेतली. दारात एक जण. नव्या माणसाशेजारी एक जण, गाण्याचा नंबर काढून द्यायला. उपासनेनंतर चहा, आणि चहाला त्याला एकटं सोडायचं नाही. काही विचारलं तर लगेच पाळकांकडं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडं, ढकलायचं नाही. बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये १८ मध्ये अक्विला आणि प्रिस्किल्ला ह्या नवरा-बायकोनं अपुल्लोस नावाच्या उपदेशकाला जवळ घेऊन देवाचा मार्ग नीट समजावला. तंबू शिवणारी माणसं ती.

एकट्याचं काम नाही, ह्याला कोल्हापूरचाच दाखला देतो. रॉयल वाइल्डर १८५२ साली इथं मिशनरी म्हणून आले. वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मनला विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं. तिथं त्यानं पोरांना गाठून मिशनकार्यासाठी तयार केलं, आणि शेवटी १०० जण पुढं आले. नाव रॉबर्टचं झालं. पण त्याची बहीण ग्रेस त्यासाठी त्याच्याबरोबर आधीपासनं प्रार्थना करत होती. बाजेचा तोही एक कोपरा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट. मदत करायची ती माणूस म्हणून. तांदळाच्या पोत्याला बाप्तिस्म्याची चिठ्ठी बांधायची नाही. बायबलमधलं १ पेत्र ३:१५ हे वचन, कुणी आपल्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा म्हणतं, पण सौम्यतेनं. समोरचा नको म्हणाला तर नको. चहा तेवढाच गोड द्यायचा.

तो पोरगा परत आला नाही. रंकाळ्यावर एकदा दिसल्यासारखा वाटला, पण माझाच धीर झाला नाही.

येत्या रविवारी दारात माझी पाळी आहे. गाण्याची सहा पुस्तकं जास्तीची काढून ठेवलीत. आणि हो, आमच्याकडं बूट घालूनच आत यायचं.