होला मोहल्ला: आनंदपूर साहिबची होळी, तलवारी आणि घोड्यांची

निळा चोला, डोक्यावर हातभर उंच दुमाला, त्यात खोचलेली लोखंडी चक्रं, आणि दोन पळत्या घोड्यांवर एकेक पाय ठेवून उभा असलेला माणूस. हा निहंग सिंग, म्हणजे शिखांच्या लढवय्या पंथातला योद्धा. मागे गुलाल इतका उडतोय की बाकीचे घोडे नीट दिसतच नाहीयेत.

ही जागा म्हणजे आनंदपूर साहिब. पंजाबच्या रूपनगर जिल्ह्यात, शिवालिकच्या डोंगरांच्या पायथ्याशी, सतलजच्या जवळ. एरवी तसं निवांत गाव, पण होळीच्या दिवसांत इथे लाखो लोक येतात, आधी कीरतपूरला आणि मग आनंदपूरला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेंढा घालून, वर ताडपत्री बांधून, काही ट्रॉल्या तर चक्क दुमजली!

हे गाव वसवलं नववे गुरू तेग बहादूर यांनी, 1665 साली जमीन विकत घेऊन, आणि आईच्या नावावरून नाव ठेवलं चक नानकी. 1675 मध्ये औरंगजेबाच्या हुकमावरून दिल्लीत चांदणी चौकात त्यांना मारलं, आणि गादीवर आला त्यांचा मुलगा, वय फक्त 9 वर्षं. तेच पुढे गुरू गोविंदसिंग. आजूबाजूला पहाडी राजे, त्यांना हे वाढतं ठाणं खुपायला लागलेलं, वरून मुघलांची भीती, म्हणून गावाभोवती किल्ले उभे राहिले, आनंदगढ, लोहगढ, फतेहगढ, होलगढ.

मग 1699 ची वैशाखी. इथेच केसगढला खालसा पंथाची स्थापना झाली, पहिले पाच जण पुढे आले, ज्यांना पंज प्यारे म्हणतात. परंपरा सांगते की त्यातले हिंमत पाणी भरणारे, मोहकम कपड्यावर छापकाम करणाऱ्या समाजातले आणि साहिब न्हावी, ते तर आपल्या शेजारच्या बिदरचे. आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, अडचणच होती ती. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी तलवार धरली नव्हती अशा लोकांचं सैन्य उभं करायचं, तेही लढाई कधी अंगावर येईल याचा भरवसा नसताना.

त्यातून होला मोहल्ला सुरू झाला. साल 1700-01 च्या आसपासचं, ठिकाण होलगढ. होळीसाठी लोक तसेही जमायचेच, तर गुरूंनी त्यांचे दोन दल पाडले, एकाने ठाणं सांभाळायचं, दुसऱ्याने चढाई करून ते घ्यायचं, आणि जिंकणाऱ्यांना सिरोपा, म्हणजे मानाचं वस्त्र. दिवसा घोडा, तलवार, धनुष्यबाण, सोबत कीर्तन आणि कविता. रंग बंद केला असं अजिबात नाही, गुलाल होताच आणि आजही आहे. मला तर यात गुरूंची हुशारी दिसते, सणाचा उत्साह तसाच ठेवला आणि त्याच्या आत युद्धाची प्रॅक्टिस बसवून दिली.

आणि त्याच काळात स्वतः औरंगजेब कुठे होता? आपल्याकडे! साताऱ्याच्या, मग पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकलेला.

प्रॅक्टिस कामाला यायला फार वर्षं लागली नाहीत. 1704 मध्ये मुघल आणि पहाडी राजांच्या फौजांनी आनंदपूरला कित्येक महिने वेढा घातला, आतलं धान्य संपलं, आणि ऐन हिवाळ्यात गुरूंना गाव सोडावं लागलं, त्या धावपळीत कुटुंबाची ताटातूट झाली, चारही मुलं गेली. पण होला थांबला नाही.

आज तिथे जायचं तर रस्त्यातच पोट भरतं. गावोगावचे लोक हायवेवर उभे राहून गाड्या अडवतात, हात जोडून म्हणतात जेवूनच जा, डाळ, रोटी, खीर, जिलेबी, काही ठिकाणी चहा-पकोडे. नाही म्हणणं अवघडच असतं. मुक्कामाला आल्यावर निहंगांच्या छावण्या, बुढा दल, तरना दल, तिथे मोठमोठ्या कुंड्यांत दांडक्याने बदाम, खसखस, मिरी घोटून शरदाई नावाचं पेय करतात. काही जण त्यात भांगही घालतात, आणि त्यावरून शिखांमध्येच मतभेद आहेत.

गटका, म्हणजे शिखांची युद्धकला, मात्र बघाच. कोल्हापूरचा मर्दानी खेळ पाहिला असेल तर पवित्रे ओळखीचे वाटतील, आणि इथे दहा-बारा वर्षांच्या मुलीसुद्धा तलवार अशी फिरवतात की आपणच दोन पावलं मागे सरकतो. शेवटच्या दिवशी मोठी मिरवणूक निघते, नगारे, निशाण साहिब म्हणजे शिखांचा ध्वज, पंज प्यारे, आणि सगळं जाऊन पोचतं चरणगंगेच्या मैदानावर, तिथे घोडदौड आणि नेजाबाजी, म्हणजे भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली खुंटी भाल्याने उचलायची.

पंजाब लांब पडत असेल तर नांदेड आहेच. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी गोदावरीकाठी जिथे देह ठेवला तिथल्या सचखंड हजूर साहिबमध्येही होला होतो, तिथली मिरवणूक हल्लाबोल म्हणून प्रसिद्ध आहे. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की उघड्या तलवारी घेऊन, जयघोष करत हजारो लोक एकदम पळत सुटतात, त्यामुळे बघायला जाणार असाल तर रस्त्याच्या मधोमध उभं राहून मोबाईलवर शूटिंग करू नका, एखाद्या गच्चीवर आधीच जागा धरा.