वाटीभर मटकी

नमस्कार श्रोतेहो.

मला विषय दिलाय 'शाळेचं वर्ष आणि घर', आणि वेळ दिलीय दहा मिनिटं. ज्यांच्या घरात चौथीच्या आतलं पोर आहे त्यांना माहितीये की सकाळच्या वेळी दहा मिनिटांत आमच्याकडे एक मोजासुद्धा सापडत नाही. सापडला तरी तो दुसऱ्या जोडीतला असतो. तरी बघूया काय काय बसतंय.

आमच्या घरात दोन. थोरला तिसरीत, धाकटी बालवाडीत. बायको नर्स आहे, तिच्या ड्युट्या पाळीपाळीने, त्यामुळे महिन्यातल्या आठदहा रात्री घर माझ्या ताब्यात असतं. म्हणजे कागदोपत्री माझ्या ताब्यात.

तर मुद्दा एकच आहे, तो आधीच सांगून टाकतो. दप्तर दिवेलागणीला उघडायचं. झोपताना नाही, दिवेलागणीला. का, तर दिवेलागणीला दुकानं उघडी असतात, पोर जागं असतं, शेजारच्यांकडे काही मागायला जायची लाज वाटत नाही आणि तुमचं डोकंही जाग्यावर असतं. पावणेदहाला यातलं काहीही नसतं. आमच्या लहानपणी या वेळेला हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणायला बसवायचे. म्हणा की, छानच आहे, पण देवापुढून उठलं की लगेच दप्तराची चेन उघडा.

दप्तरावरून आठवलं. 2015 साली आपल्या राज्य शासनाने निर्णय काढलाय, दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको. माझा मुलगा 24 किलोचा, म्हणजे झाले दोन किलो चारशे ग्रॅम. मी एकदा त्याचं भरलेलं दप्तर पाठीला लावून काट्यावर उभा राहिलो, मग नुसता उभा राहिलो आणि वजाबाकी केली. चार किलो शंभर! माझं स्वतःचं किती भरलं तो आजचा विषय नाही. सगळं जमिनीवर ओतलं तर त्यात लिटरभर पाण्याची बाटली, म्हणजे किलोभर तिथेच गेलं, मग वेळापत्रकात त्या दिवशी नसलेल्या तीन वह्या, एक करवंटी, चार दगड ("टाकू नका बाबा, तो चमकतो"), आणि सहलीचं संमतीपत्र. सहल होऊन गेली होती. आम्ही पैसे भरले होते म्हणून तो गेला, पण ते संमतीपत्र काही दप्तराबाहेर आलं नाही.

आणि वह्यांना ते तयार प्लास्टिकचे कव्हर घालू नका हो. खाकी कागदच घाला. 15 जूनच्या आसपास शाळा उघडते, तिकडे विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा, तर त्याच्या आदल्या रविवारी जमिनीवर कागद पसरून, कात्री घेऊन, घडीवर नखाने रेघ मारत कव्हरं घालायची, यात जी मजा आहे ती प्लास्टिकमध्ये नाही. माझ्या या मताला घरात कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगतोय.

बरं, आता गोष्ट.

गेल्या जानेवारीतली. संक्रांत होऊन गेलेली, नाशिकची थंडी, म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, इकडे निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो. बायको रात्रपाळीला गेलेली. धाकटी झोपली. मी युनिफॉर्मला इस्त्री करत होतो, शर्टाची एक बाही झाली होती. घड्याळात पावणेदहा. आणि रजईच्या आतून आवाज आला, अगदी शांत, जसं कुणी सांगावं की लाइट चालू राहिलाय.

"बाबा, उद्या मोड आलेली मटकी न्यायचीय."

मी म्हटलं, किती? तर म्हणे वाटीभर. म्हटलं कशाला? तर म्हणे परिसर अभ्यासाला, मॅडमनी सांगितलंय, मोड दिसले पाहिजेत. म्हटलं कधी सांगितलं? यावर तो झोपला. ही मुलं अशी बटण दाबल्यासारखी कशी झोपू शकतात, यावर खरं तर वेगळं भाषण द्यायला हवं.

आता मटकीचं तुम्हाला मी काय सांगणार. सकाळी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा, मे महिना असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी टपोरे मोड. पण जानेवारीत? जानेवारीत ती मटकी पण रजई मागते. तरी मी डबा उघडला, कोरडी मटकी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं. मग आईला फोन लावला. आई गावाकडे, नऊला झोपते. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर घाबरून उठली, "काय झालं रे? पोरं बरी आहेत ना?" म्हटलं बरी आहेत, मटकीला रातोरात मोड कसे आणायचे? पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, कोमट पाण्यात भिजव, घट्ट बांध, उबेला ठेव. मी म्हटलं, म्हणजे सकाळी येतील? तर म्हणाली, "परवा येतील. मटकीला काय तुमच्या शाळेची घंटा ऐकू येते का?" आणि फोन ठेवला.

मग मी ती चूक केली जी करू नये. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, कोणाकडे मोड आलेली मटकी आहे का. पहिलं उत्तर आलं, शुभ रात्रीचं, चंद्र आणि गुलाब. दुसरं, "कसली मटकी??" तिसरं, "मूग चालतील का सर?", जणू काही मी शिक्षक आहे. आणि चौथा एक फोटो आला. स्वच्छ पांढऱ्या वाडग्यात मोड आलेली मटकी, वर दोन कोथिंबिरीची पानं, खाली लिहिलेलं, 'आम्ही मंगळवारीच भिजवली होती.' श्रोतेहो, हा प्रसंग बुधवार रात्रीचा. मला कुणाचा हेवा वाटत नाही सहसा. पण कोथिंबीर कशाला?

वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो उद्या माझा गुरुवार, उपास, मी कशाला मटकी भिजवते." पण त्यांनीच डोकं चालवलं. म्हणाल्या, मिसळवाल्याकडे जा की, त्याला सकाळी सहाला लागते म्हणजे त्याची तयारच असणार. तुम्ही जा, मी मुलांजवळ बसते. आणि येताना माझ्यासाठी वेलची केळी आणा. एवढ्या रात्री केळी कुठून आणायची, पण हो म्हटलं.

माकडटोपी घातली, स्कूटर काढली. सव्वादहाला रस्त्यावर मी आणि कुत्री. मिसळीचं दुकान अर्धं शटर ओढून बसलेलं, आत बल्ब. मी वाकून आत डोकावलो. भल्यामोठ्या घमेल्यात मटकी, वर ओलं गोणपाट, बाजूला कांद्याचा ढीग, आणि मालक स्टुलावर बसून हिशोब करतायत. म्हणाले, "साहेब, बंद झालं. सकाळी या." मी म्हटलं, मिसळ नकोय, कच्ची मटकी पाहिजे, वाटीभर, मोड आलेली. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले,

"तिसरी का?"

म्हटलं, तुम्हाला कसं कळलं?

"तुम्ही आज चौथे."

गोणपाट बाजूला केलं. खाली काय सुंदर मटकी होती सांगू, प्रत्येक दाण्याला अर्ध्या बोटाएवढा मोड, हात घातला तर आतून गरम लागत होती. एवढी एकत्र असली की स्वतःच्याच उबेला येते ती. त्यांनी ओंजळभर काढली, कागदात बांधली. मी पाकीट काढलं तर हात जोडले. म्हणाले, "पैसे नकोत. उलट मीच तुमचं देणं लागतो. माझा पोरगा पण तिसरीत आहे, याच शाळेत, दुसऱ्या तुकडीला. त्यानं घरी चकार शब्द काढला नाही. पहिलं गिऱ्हाईक आलं तेव्हा मला कळलं."

म्हणजे बघा, ज्याच्या दुकानात घमेलंभर मटकी, त्याच्याही घरी दप्तर उघडलेलं नव्हतं! मला इतकं बरं वाटलं. आम्ही दोघं पाच मिनिटं नुसते हसत होतो. मग विषय मिसळीवर गेला आणि मी त्यांना माझं मत सांगितलं, की मिसळीबरोबर पापड हवाच, ज्याला पापड नको त्याने पोहे खावेत. त्यांनी मान्य केलं. केळी मिळाली नाहीत. काकू अजून आठवण काढतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने विचारलं, काय झालं रे मटकीचं? तर म्हणे, "काही नाही." कुठलंही मूल 'शाळेत काय झालं' याला 'काही नाही' हेच उत्तर देतं, त्यामुळे तो प्रश्न विचारूच नये. डब्यातलं कुणी खाल्लं, शेजारी कोण बसलं, असं विचारावं, मग सुरू होतात. मी विचारलं, मटकी कुणी खाल्ली? तर लगेच कळलं की मॅडमनी मोड आणि मूळ दाखवलं, चित्र काढायला लावलं, आणि मग मधल्या सुट्टीत कुणीतरी लिंबू आणलं होतं त्यामुळे पुढचं सगळं नीट पार पडलं.

थांबा, मला खूण केलीये, वेळ कमी आहे. झोपेचं आणि डब्याचं पटकन सांगतो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असं शासनाने 2024 मध्ये सांगितलं, मुलांची झोप होत नाही म्हणून. चांगलंच केलं. पण आमच्याकडे झालं असं की शाळा उशिरा म्हणून झोपणं पण उशिरा, म्हणजे हिशोब होता तिथेच. रात्रीचा टीव्ही आपण बंद केला तरच त्याला अर्थ आहे, हे मी क्रिकेटचा सीझन नसताना बोलतोय. डब्याला भाजीपोळीचा रोल द्या, वेगळी वेगळी दिली तर भाजी परत येते. आणि झाकण पोराकडून एकदा घरी उघडून घ्या. आमची धाकटी तीन दिवस उपाशी आली होती, कारण डब्याची क्लिप तिला उघडतच नव्हती आणि ते कुणाला सांगायला ती लाजत होती. बाकी परीक्षेचं राहू दे. तिसरीच्या चाचणीला कसलं टेन्शन.

हं, तर मटकी. पुढचा रविवार. दप्तर धुवायला काढलं. पुढच्या छोट्या कप्प्यात, जिथे मी कधीच हात घालत नाही, तिथे एक डबी सापडली, बामाची रिकामी डबी. उघडली तर वास आला. आत ओला कापूस आणि त्यावर मटकी. मोजली, नऊ दाणे. अंधारात वाढलेली, त्यामुळे हिरवा रंग नाहीच, नुसते पांढरे फिक्कट लांबच लांब कोंब, उजेड शोधत झाकणापर्यंत जाऊन परत खाली वळलेले. दोन दाणे कुजले होते.

त्याला हाक मारली. म्हटलं हे काय? तर म्हणे, "मॅडमनी सोमवारी सांगितलं होतं ना, घरी मोड आणा, रोज बघा, आणि गुरुवारी घेऊन या. मी सोमवारीच ठेवली होती."

म्हणजे बुधवारी रात्री मी आईला उठवत होतो, काकूंना बसवत होतो, माकडटोपी घालून हिंडत होतो, तेव्हा ही मोड आलेली मटकी खुंटीला टांगलेल्या दप्तरात होती. माझ्यापासून चार फुटांवर.

मी म्हटलं, मग त्या रात्री सांगितलं का नाहीस?

म्हणाला, "मॅडमनी वाटीभर सांगितली होती. माझी नऊच होती."

सोमवारी दिवेलागणीला दप्तर उघडलं असतं तर त्या नवात मूठभर अजून टाकली असती, एवढंच काम होतं. असो. उरलेले सात कोंब आम्ही दह्याच्या रिकाम्या डब्यात माती घालून गॅलरीत लावले. दोनतीन दिवसांत पानं हिरवी व्हायला लागली. रोज सकाळी शाळेत जाताना तो एक चमचा पाणी घालायचा आणि धाकटी अजून एक चमचा, आणि मग त्यावरून भांडण, आणि मग रिक्षावाल्या काकांचा हॉर्न. आईला फोनवर कौतुकाने सांगितलं तर म्हणाली, "मटकी पावसाळ्यातलं पीक आहे रे, थंडीत लावून काय शेंगा धरायच्यात? जूनमध्ये इकडे पाठव त्याला, बांधावर लावू." मी म्हटलं, जूनमध्ये शाळा उघडते ना आई.

नमस्कार.