मांडीवरचा हात

(दृश्य: सिव्हिल हॉस्पिटल, अपंगत्वाचे टक्के ठरवून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा दिवस. बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेली माणसं.)

"काका, चाला बघू दारापर्यंत."

पन्नाशीचे काका उठतात. लहानपणी पोलिओ झालेला. दाराशी जातात, वळतात, परत येतात. बघणाऱ्याला वाटेल, चालताहेत की!

(तेच दृश्य, सावकाश.)

आता उजवा हात बघा. दर पावलाला तो मांडीवर दाबला जातो. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा ताठ धरत नाही, ते काम हात करतो. म्हणजे पावसात छत्री किंवा बाजाराची पिशवी, दोन्ही एकदम जमत नाहीत.

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत (२०२४ मध्ये त्या सुधारल्या) पायाचं स्थैर्य तपासायला नऊ कृती होत्या. सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, नुसत्या अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. प्रत्येकीला १० टक्के, एकूण ९०. हाताच्या यादीत तर वेणी घालणं आणि नाडी बांधणंसुद्धा होतं. यादी करणाऱ्यानं आपली घरं पाहिली आहेत, एवढं मान्य करायला हवं.

पण काका उकिडवे बसतात ते भिंतीला धरून. याला "येतं" म्हणायचं की "येत नाही"? तिथं डॉक्टरांची नजर लागते.

मग ताकद. पाय उचलला जातो, पण वरून जरा दाबलं की खाली. स्नायूच्या ताकदीच्या मापात ही ग्रेड ३, म्हणजे ४० टक्के हानी.

आकडे सरळ मिळवतही नाहीत. समजा एकाच पायाच्या दोन तपासण्यांत ४० आणि ३० टक्के हानी निघाली, तर त्यांचे ७० नव्हे, ५७ होतात. मोठा आकडा ९० मधून वजा करायचा, उरलेल्या ५० च्या प्रमाणात छोट्याचा वाटा (५०/९०) मोठ्यात मिळवायचा. बाहेर रांगेत याला "टक्के कापले" म्हणतात. कापलेले नसतात. पाय एकच आहे, त्याची हानी ९० च्या पुढे जाऊ नये म्हणून हे सूत्र.

तरी धाकधूक असतेच. एसटीची सवलत असो की संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, ४० च्या आत दाखल्याचा उपयोग नाही.

(दृश्य: तपासणीची खोली.)

"काका, आता हात वर धरून चाला. मी आहे शेजारी."

एक पाऊल. दुसरं. तिसऱ्याला गुडघा दुमडतो, काका टेबलाची कड पकडतात.

डॉक्टर मघाशी लिहिलेला आकडा खोडतात.